उडणारे प्रांत, अदृश्य तलाठी

मार्च अर्धा सरला की आमच्या समर्थनगरच्या गल्ल्यांमध्ये मुलींचे फक्त डोळे दिसायला लागतात. बाकी सगळं ओढणीत गुंडाळलेलं. पाठीवर सॅक, हातात बर्फ घातलेल्या पाण्याची बाटली, आणि एका अभ्यासिकेतून दुसऱ्या क्लासकडं भरभर चालणं. अभ्यासिकांच्या जिन्यांत चपलांचे ढीग वाढतात. कडुलिंबाचा मोहोर स्कूटींच्या सीटवर गळून पडतो. कूलरचं गवत बदलून देणारे हाका मारत फिरतात, आणि त्या नव्या गवताला पहिलं पाणी लागलं की जो ओला, शेतातल्यासारखा वास खोलीभर पसरतो, त्या वासाला मी दरवर्षी फसते. वाटतं, आपला निकाल अजून लागायचाय.

खरं तर माझा कुठलाच निकाल आता लागायचा नाही. वय निघून गेलं. मी याच भागातल्या एका क्लासमध्ये भूगोल आणि महसूल कायदा शिकवते. परवा तास संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मुलाखत झाल्यावर निकालापर्यंत तुम्ही काय करायचात?"

मी म्हणाले, "वाचन."

तिनं गंभीरपणे मान डोलावली आणि मी फळा पुसत उभी राहिले. त्या उन्हाळ्यात मी आणि कविता दुपारभर सुपरहिरो बनवत बसायचो, हे तिला कसं सांगावं ते मला सुचलं नाही. ती हसली असती, की काळजीत पडली असती, कोण जाणे. माझंही त्याबद्दल अजून काही ठरलेलं नाही.

कविता बिडकीनची, मी वैजापूरची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही दोघी काही वर्षं एकत्र राहिलो. वर थेट गच्ची, त्यामुळं दुपारी छत असं तापायचं की पंखा लावला तर गरम हवाच अंगावर ढकलायचा. नळाला पाणी यायचं कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. आलं की बादल्या, पिंप, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचो. त्या वर्षी आम्हा दोघींच्या राज्यसेवेच्या मुलाखती झाल्या होत्या. निकाल कधी लागेल हे कुणालाच माहीत नव्हतं. चहाच्या टपरीवर रोज एक नवी तारीख ऐकू यायची आणि संध्याकाळपर्यंत ती खोटी ठरायची. पुढच्या परीक्षेचा अभ्यास करावा तर मागचीत पास झालो असू, आणि न करावा तर नापास झालो असू. पुस्तक उघडलं तरी चूक, मिटलं तरी चूक.

कविताचा मोठा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यानं आपला जुना लॅपटॉप तिला दिला होता, नोट्स काढायला म्हणून. त्यात त्याचा एक ऑनलाइन गेम राहून गेला होता. उंच इमारतींचं एक काल्पनिक शहर, त्यात जगभरातली माणसं आपापला सुपरहिरो घेऊन गुंडांशी लढत फिरायची. पण लढायच्या आधी हिरो स्वतः बनवायचा असतो. उंची, हनुवटी, खांदे, कपडे, झगा, त्याची ताकद, त्याचं नाव, त्याची दोन ओळींची कहाणी. कविताला लढण्यात काही रस नव्हता. ती हनुवटीवरच अर्धी दुपार घालवायची.

"लई टोकदार झाली का गं?" ती विचारायची.

"कुणाची?"

"माहीत नाय अजून. कोण होतंय बघू."

पहिला तलाठी निघाला, तोही अपघातानं. तिनं एक हडकुळा माणूस केला होता आणि त्याला अदृश्य होण्याची ताकद दिली होती. नाव सुचेना. मी पलंगावर आडवी पडून कैरीची फोड मिठात बुडवत होते. माझ्या वडिलांनी एका नोंदीसाठी सज्जाच्या कचेरीच्या कुलूपबंद दाराकडं किती हेलपाटे घातले होते ते मला आठवलं, आणि मी म्हणाले, "जो कधीच दिसत नाही त्याचं नाव तलाठी ठेव."

कविता आधी थांबली. मग इतकी हसली की तिला खोकला लागला. तिनं इंग्रजी अक्षरांत तलाठी लिहिलं. साऱ्या जगात ते नाव अजून कुणी घेतलेलं नव्हतं.

मग आम्ही आख्खं महसूल खातंच उभं करायला घेतलं. मंडळ अधिकाऱ्याला चार छोटी यंत्रं दिली. ती लढायची आणि हा मागं कमरेवर हात ठेवून उभा. तहसीलदाराला बर्फाची ताकद. तो समोरच्याला जागच्या जागी गोठवायचा. गोठलेला गुंड मरायचा नाही, सुटायचाही नाही, नुसता तसाच राहायचा. कविता म्हणाली, "ही स्थगिती." प्रांतसाहेब उडायचे. त्यांना आम्ही कधी जमिनीवर उतरवलंच नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या हातांतून उजेड निघायचा, आणि त्याच्या शर्टाचा पांढरा रंग मनासारखा जमेपर्यंत कविता जेवायला उठली नव्हती. सगळ्यांच्या कमरेला एकच पट्टा, लाल. कचेरीत कागदांचे गठ्ठे बांधायला जे फडकं असतं, त्याचा लाल. हा एक गट आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

बघणारं मात्र कुणी नव्हतं. लॅपटॉप एकच, खातं एकच. एका वेळी एकच हिरो शहरात सोडता यायचा. आमचा गट कधीच एकत्र उभा राहिला नाही. तलाठी फिरत असला की तहसीलदार कुठं असतो, असं मी एकदा विचारलं होतं. कविता म्हणाली, "मीटिंगला."

हे आठवून आता हसू येतं, पण तेव्हा मी मधूनच गप्प व्हायचे. सकाळी आम्ही याच माणसांचे अधिकार कलमांसकट पाठ करायचो. कोण कुणाची सुनावणी घेतो, कोण कुणाचा आदेश फिरवतो. तीच खुर्ची मिळावी म्हणून घरच्यांनी आणलेली स्थळं परतवत, एका भाजीवर दोन वेळा काढत आम्ही तिथं राहिलो होतो. आणि दुपारी त्यांचीच टिंगल. मग वाटायचं, ही टिंगल तरी आहे का? तहसीलदाराच्या खांद्यावर झगा चढवताना कविताचा चेहरा टिंगल करणाऱ्या माणसासारखा दिसायचा नाही. माझा कसा दिसत होता, मला माहीत नाही.

एके दुपारी मी म्हणाले, "कोतवाल राहिला. सगळ्यात खालचा. त्याला एक बारकंसं काहीतरी दे. पळायची ताकद वगैरे."

कवितानं नवीन पात्राचं पान उघडलं आणि कधी नव्हे ती हनुवटी न विचारता स्वतःच ठरवून टाकली. खांदे रुंद. वय जास्त. केस पांढरे. मी बघत होते. मग ती म्हणाली, "माझे आजोबा कोतवाल होते. गावात दवंडी द्यायचे. साहेब आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन घोड्याम्होरं पळायचे. धम्म घेतल्यावर सोडलं ते काम त्यांनी. औरंगाबादेत येऊन गिरणीत लागले."

हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मला काहीतरी बोलावंसं वाटलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. "आमचे पणजोबा कुलकर्णी होते. गावाचं दप्तर सांभाळायचे."

"म्हणजे एकाच गावात असते तर तुझ्या पणजोबांनी हाक मारली असती, अन् माझे आजोबा पळत आले असते."

ती हे पडद्याकडं बघतच म्हणाली, अगदी सपाट आवाजात. मग म्हणाली, "चहा ठेव."

मी उठून चहा ठेवला. गॅसपाशी उभी राहून मी विचार करत होते, की ही चेष्टा होती, की हुकूम, की रोजचंच चहा ठेव. रोज आम्ही एकमेकींना असंच सांगायचो. पण त्या दिवशी मला ते तीन प्रकारे ऐकू आलं आणि तिन्ही खरे वाटले. चहा उतू गेला.

कोतवालाला तिनं आवाजाची ताकद दिली. तो ओरडला की त्याच्या तोंडातून गोल गोल लाटा निघायच्या आणि समोरचे दहा-बारा गुंड एकदम आडवे व्हायचे. आमच्या गटात सगळ्यात जोरकस तोच झाला. पुढं ती बहुतेक वेळा त्यालाच घेऊन खेळायची, आणि मी त्याला काही गमतीचं म्हणायचं सोडून दिलं. तिनं मला सोडायला सांगितलं नव्हतं.

त्याच दिवसांत एक परदेशी खेळाडू आमच्याबरोबर लढायला लागला. कुठला, बाई की पुरुष, काही माहीत नाही. त्याचा हिरो म्हणजे कासवासारखी ढाल घेतलेला एक जाडा माणूस होता. त्यानं कधी तलाठी पाहिला होता, कधी प्रांत, आणि लाल पट्ट्यावरून ओळखलं होतं की हे सगळे एकाच घरचे. एकदा त्यानं लिहून विचारलं, हे कोण लोक आहेत?

माझं इंग्रजी बरं, म्हणून टाइप मी करायचे. मी लिहिलं, हे जमिनीच्या नोंदी ठेवतात.

त्याचं उत्तर आलं, आणि गुंडांशी कधी लढतात?

आम्ही दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. कविता म्हणाली, "लिही, जमिनीवरूनच सगळे गुंड होतात." मी लिहिलं. त्याला ते फार आवडलेलं दिसलं. मग त्यानं कोतवालाबद्दल विचारलं. मी गावचा पहारेकरी असं लिहायला लागले.

"नाय," कविता म्हणाली. "पहारेकरी नाय."

"मग शिपाई लिहू? निरोप्या?"

"नाय गं."

"मग काय ते तूच सांग."

तिकडं तो कासववाला थांबून राहिला होता. शेवटी ती म्हणाली, "लिही, हा गावाला सांगतो."

"काय सांगतो?"

"जे असंल ते. तेवढंच लिही."

मी तेवढंच लिहिलं. पलीकडून उत्तर आलं, म्हणजे हा नसेल तर कुणालाच काही कळणार नाही. कवितानं ते दोनदा वाचलं. ती खूश झाली, की तिला आणखी काही हवं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिनं नुसताच लॅपटॉप माझ्याकडून ओढून घेतला आणि कोतवालाला पुढं पळवलं.

एकच पात्र बनवायचं राहिलं होतं, नायब तहसीलदार. त्याला काय द्यावं यावर आमचं एकमत होईना. तो वरच्याचं ऐकतो आणि खालच्याला ऐकवतो, एवढं सोडून आम्हाला त्याच्याबद्दल काही सुचत नव्हतं. त्याचा रिकामा चौकोन तसाच राहिला.

निकाल लागला तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. सकाळची वेळ. मी पाइप धरून पिंप भरत होते, कविता बादल्या आत नेत होती. अभ्यासिकेतल्या एका मैत्रिणीचा फोन आला. कवितानं ओल्या हातानं तो कानाला लावला, "हां, हां," म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "माझं झालं. नायब तहसीलदार."

पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि मला विचारावं लागलं नाही. पिंप भरून वाहत होतं. पाणी आमच्या पायांवरून जिन्याकडं चाललं होतं. "पाणी बंद कर," असं आम्ही दोघी एकाच वेळी म्हणालो आणि दोघींपैकी कुणीच हललं नाही. मला आनंद झाला होता, हे खरं आहे. माझं राहिलं याचं वाईट वाटलं होतं, हेही खरं आहे. पण या दोन गोष्टी एकीमागून एक आल्या नाहीत. त्या एकदम आल्या, आणि त्यांतली चेहऱ्यावर कोणती दाखवायची हे न कळून मी पाइपाकडं बघत राहिले. मग मी तिला मिठी मारली. तिचे कपडे ओले, माझेही. तिनं आईला फोन लावला. आई आधी रडली आणि मग म्हणाली, "तुझ्या आज्याला कळाया पायजे होतं, बाई."

दुपारी सगळे पेढे वाटून झाल्यावर, फोन थकल्यावर, मी डोळे मिटून पडले होते. लॅपटॉपची कळ वाजली. कविता तो रिकामा चौकोन उघडून बसली होती.

"शुभदा," ती म्हणाली, "याला काय देऊ?"

मी उठून तिच्या शेजारी बसले. ताकदींची लांबलचक यादी तिनं वरून खाली नेली, परत खालून वर आणली. आग, बर्फ, वीज, वारा, मन वाचणं, काळ थांबवणं. आम्ही एकेक नाव मोठ्यानं वाचलं. कुठलंच बसेना. "तू सांग ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती, आणि माझी स्वतःची दुपार तशी असताना मला तिची भीती घालवावीशी वाटली. पण मला खरंच काही सुचलं नाही. मी म्हणाले, "आत गेल्यावर कळेल तुला." तिनं लॅपटॉप मिटला. थोड्याच दिवसांत तिचा भाऊ येऊन सामान घेऊन गेला. लॅपटॉपही गेला.

त्यानंतर मी पुन्हा परीक्षा दिल्या. मग देणं बंद झालं. कधी बंद झालं, असा एक दिवस सांगता येत नाही. शिकवायला लागले, आणि शिकवणं मला येतं असं मुली म्हणायला लागल्या. कविता दूरच्या एका तालुक्याला होती. फोन व्हायचे, पण साहेबाशी बोलावं की मैत्रिणीशी, या घोळात माझं अर्धं बोलणं राहून जायचं. तिला "तू" म्हणताना मागं शिपाई उभा असेल का, असं वाटायचं.

मग मागच्या उन्हाळ्यात तीच आली. सरकारी नोकरीत आत गेल्यावरही एक परीक्षा असते, खात्याची. ती वेळेत पास व्हावं लागतं. कविता एकदा नापास झाली होती. हे तिनं फोनवर सांगितलं नाही. माझ्या खोलीत येऊन, पाणी पिऊन, कूलरसमोर बसून सांगितलं. "रोज तेच काम करते, तरी पेपरात लिहिता येईना. महसूल कायदा शिकव मला."

चार रविवार ती यायची. मी तिला शिकवायचे आणि ती वहीत लिहून घ्यायची. मध्येच तिला कचेरीतून फोन यायचा. तिचा आवाज बदलायचा, पाठ ताठ व्हायची, फोन संपला की ती परत माझी विद्यार्थिनी. मी कलम सांगायचे, ती त्या कलमाखाली भेटलेली माणसं सांगायची. कुणाची विहीर, कुणाचा बांध. माझ्याकडं सगळी उत्तरं होती आणि तिच्याकडं सगळे प्रश्न, आणि खुर्ची तिच्याकडं होती. हे बरोबर होतं की उलटं, यावर मी पुष्कळ विचार केला. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "पुढचं कलम घे." गेमचा विषय दोघींनीही काढला नाही. तो गेम आता चालू आहे की बंद पडला, तेही मला माहीत नाही.

शेवटच्या रविवारी मी तिला सोडायला बसस्थानकावर गेले. ऊन उतरत होतं, तरी फरश्या तापलेल्या होत्या. एक टोपीवाले म्हातारे बाबा हातात दवाखान्याची पिशवी घेऊन आले आणि कवितासमोर हात जोडून उभे राहिले. तिच्याच तालुक्यातले. तिला कचेरीत पाहिलेलं. "मॅडम, इथं कुठं?" त्यांनी विचारलं, आणि मग माझ्याकडं वळून, "ह्या बी तिकडंच असत्यात का?"

मी नाही म्हणणार होते. कविता आधीच म्हणाली, "व्हय. ह्या माझ्याहून मोठ्या."

बाबांनी मलाही हात जोडले. मी कविताकडं पाहिलं. ती गाडीच्या पाटीकडं बघत होती. बाबांनी मग उभ्या उभ्या आपली अडचण मलाच सांगितली. वडील गेलेले, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची होती, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव लागतच नाही, नुसती तिची हक्क सोडल्याची सही आणा.

"बहिणीचंही नाव लागतं, बाबा," मी म्हणाले. "तिचाही हक्क आहे. वारस म्हणून दोघांची नावं लावा. नाव लावायला तिची सही लागत नाही."

त्यांना हे आवडलं की नाही, कळेना. मग त्यांनी कविताला विचारलं, "ह्या म्हणत्यात तसंच का, मॅडम?"

"त्या म्हणतात तसंच," कविता म्हणाली.

बाबांनी खिशातून फोन काढला, तिथंच बहिणीला लावला आणि मोठ्यानं सांगायला लागले. "आक्का, तुझं बी नाव लावायचं म्हणत्यात. अगं, साहेब म्हणत्यात. दोन हायेत इथं." पलीकडून काहीतरी बोलणं चाललं होतं. त्यांनी मान हलवली आणि फोन माझ्यापुढं धरला. "तिला खरं वाटंना. तुमीच सांगा."

मी फोन घेतला. गाड्यांच्या आवाजात एका म्हाताऱ्या बाईचा बारीक, सावध आवाज आला. "कोण बोलतंय?"

कविता आता माझ्याकडं बघत होती.

"मी शुभदा बोलतेय, आक्का," मी म्हणाले. "तुमचं नाव लागतं. भावाबरोबर जा आणि लावून घ्या."